ओढा दिवाळीतच आटतो: पोकलेन लावण्याआधी काय मोजायचं

प्रश्न असा आहे: माण-आटपाडीच्या बाजूचं गाव, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शिवाराच्या मधोमध ओढा. पूर्वी तो होळीपर्यंत वाहायचा, आता दिवाळीलाच डबकी उरतात. गावाने वर्गणी काढून दोन किलोमीटर लांबी पोकलेनने तीन मीटर खोल करायचं ठरवलंय. करावं का?

सरसकट करू नका. काही तुकड्यांत गाळ काढणं नक्की उपयोगाचं ठरेल, पण काही तुकड्यांत तेच काम विहिरींचं पाणी दोन महिने आधी संपवेल. कोणता तुकडा कुठल्या प्रकारचा हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं. मोजायला फारसा खर्च येत नाही, फक्त डिसेंबरपर्यंत थांबावं लागतं.

पावसाळ्यात ओढ्यातून जातं ते पावसाचं पाणी. दसऱ्यानंतर वाहतं ते जमिनीतलं. म्हणजे ज्या धारेची गावाला आठवण येते, ती ओढ्याची स्वतःची नव्हतीच. दोन्ही काठांच्या शिवारात मुरलेलं पाणी उताराने खाली येऊन, सगळ्यात खोलगट जागी बाहेर पडत होतं. ती खोलगट जागा म्हणजे ओढा. डिसेंबरात ओढ्याची उभी तुटलेली दरड जवळ जाऊन बघा. वर दोन-अडीच फूट काळी माती, तिच्या बुडाला चुनखडीचे पांढरे खडे, मग पिवळसर मुरूम. त्याखाली मांजऱ्या खडक: मऊ, करडा, पांढरे ठिपके भरलेला. सगळ्यात खाली काळा पाषाण. मुरूम संपतो आणि खालचा घट्ट खडक लागतो त्या सांध्यावर एक गडद ओली रेघ दिसते. बोट लावलं तर ओलं होतं, कुठे कुठे शेवाळ धरलेलं असतं, त्याच रेषेत लव्हाळ्याचा झुबका उगवलेला असतो. होळीपर्यंत ओढा वाहायचा तो त्या रेघेच्या जिवावर. रेघ दिसली की जागा खुंटी मारून ठेवा.

आता मोजणी. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, २० ते ३० मीटर लांब. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना काठापासून ३०० मीटरच्या आतल्या चार-पाच विहिरी निवडा. सकाळी मोटर सुरू होण्याआधी, आदल्या रात्रीही उपसा झालेला नसेल अशा दिवशी, विहिरीच्या कठड्यापासून पाणी किती खोल आहे ते टेपने मोजा. मग नळीने टप्प्याटप्प्याने कठड्याची पातळी ओढ्याच्या तळापर्यंत न्या आणि तळ कठड्यापेक्षा किती खाली आहे ते काढा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी बरोबरीत येतं का ते बघून घ्यायचं.

समजा विहिरीतलं पाणी कठड्यापासून ४ मीटर खाली आहे आणि ओढ्याचा तळ ५.५ मीटर खाली. म्हणजे विहिरीतलं पाणी ओढ्याच्या तळापेक्षा दीड मीटर उंच आहे, त्या तुकड्यात शिवार ओढ्याला पाणी देतंय. तिथे तळ आणखी तीन मीटर खाली नेला तर तुम्ही शिवाराला मोठं गटार खणून दिलं. दोन्हीकडचं पाणी पाझरून त्या चरात येतं आणि पहिल्या वर्षी सगळ्यांना आनंद होतो, कारण चर काठोकाठ भरलेला दिसतो. पण ते जानेवारी-फेब्रुवारीत विहिरीत असणार होतं तेच पाणी. आता ते उघड्यावर आलं. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे या काळात उघड्या पाण्यावरून साधारण एक मीटर पाणी वाफ होऊन जातं. उरलेलं ज्याची मोटर चराजवळ आहे तो उपसतो. वरच्या अंगाच्या विहिरी मार्चऐवजी जानेवारीत तळ दाखवतात, आणि पाऊस कमी झाला म्हणून गाव गप्प बसतं.

उलट, विहिरीतलं पाणी ओढ्याच्या तळापेक्षा खाली असेल तर त्या तुकड्यात ओढा शिवाराला पाणी देऊ शकतो. तिथे तळाला बसलेला चिकट गाळ काढणं फायद्याचं, कारण तो गाळ झाकणासारखं काम करतो. पण काढायचा तो गाळच. खाली मुरूम किंवा मांजऱ्या लागला की बकेट थांबली पाहिजे. काळ्या पाषाणात ब्रेकर लावणं म्हणजे पैसे दगडात घालणं. भेगा नसलेल्या पाषाणातून पाणी मुरत नाही, वरून तिथे टाकीसारखं साठून उन्हात उडतं.

खोलीकरणाचा विषय निघाला की शिरपूरचं उदाहरण लगेच पुढे येतं. धुळे जिल्ह्यातल्या त्या कामाबद्दल आदर ठेवूनच सांगतो: तिथे तापीच्या खोऱ्यात मोठ्या भागावर नदीने आणलेल्या गाळमातीचे जाड थर आहेत. वरच्या चिकणमातीमुळे पाणी खाली उतरत नव्हतं, ती छेदून खालच्या वाळू-गोट्याच्या थरापर्यंत पोचल्यावर पाणी मुरायला लागलं. भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकरांनी तिथल्या जमिनीची चिकित्सा करून तो उपाय काढला होता. माण, खटाव, आटपाडी, जत, पुरंदर इथे तीन-चार मीटरवर पाषाण लागतो. म्हणून शिरपूरच्या कामाची खोली उचलायची नाही, त्यामागची चिकित्सा उचलायची.

हे सगळं गावसभेत पटवायचं तर एक हिशेब मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, दहा हजार लिटर पाणी. ओढ्याचं पाणलोट ४०० हेक्टर धरलं आणि पाऊस ५०० मिलिमीटर, तर वर्षाला २० लाख घनमीटर पाणी पडतं. आपल्या खडकात त्यातलं साधारण दहा टक्के मुरतं असं धरलं तर २ लाख घनमीटर. आता बंधाऱ्याचं बघा. ओढ्याचा उतार शंभराला एक मीटर, रुंदी १० मीटर, बंधारा दीड मीटर उंच. पाण्याची फूग दीडशे मीटर मागे जाते आणि साठा पाचरीच्या आकाराचा असल्याने निम्मा होतो: सव्वाअकराशे घनमीटर. एका एकराला एक पाणी द्यायला दोनशे घनमीटर लागतात, म्हणजे एका भरण्यात पाच-सहा एकरांचं एकेक पाणी. एवढंच. बंधारा पावसाळ्यात चार-पाच वेळा भरून मुरला तर त्याची किंमत, नुसता भरून उभा राहिला तर नाही. पाणलोटात मुरणं दहाचं अकरा टक्के झालं तरी २० हजार घनमीटर वाढतात, म्हणजे असे सतरा-अठरा बंधारे एकदा भरतील इतकं. म्हणून पोकलेनचे पैसे आधी माथ्यावर घाला: पडीक उतारावर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर, ओघळींत अनगड दगडी बांध, शेतांत बांधबंदिस्ती, आणि मगच खालचा ओढा.

दगडी बांधांत होणारी एक चूक सांगतो, बाकी काम मजुरांना चांगलं जमतं. बांध मनाला येईल तिथे घालतात. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यायला हवा. ओघळीचा उतार शंभराला पाच आणि बांध पाऊण मीटर उंच असेल तर अंतर १५ मीटर. त्याहून लांब टाकले की मधल्या उघड्या तुकड्यात पाणी पुन्हा वेग घेतं आणि खालच्या बांधाचा पायथा खातं. बांधाचा मध्य दोन्ही टोकांपेक्षा २०-२५ सेंटिमीटर खाली ठेवायचा, नाहीतर पाणी बगलेने जाऊन काठ फोडतं.

बगल फुटणं हाच सिमेंट बंधाऱ्याचाही मोठा रोग आहे. भिंत शाबूत उभी असते आणि ओढा तिच्या बाजूने शेतातून नवी वाट काढून गेलेला असतो. कारण बहुतेक वेळा एकच: भिंत काठाच्या आत पुरेशी घुसवलेली नसते. दोन्ही काठांत निदान दीड मीटर, मऊ माती असेल तर जास्त, आणि खाली पाया घट्ट खडकापर्यंत. मुरमावर भिंत ठेवली की पाणी बुडातून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खालच्या बाजूला खड्डा पडतो आणि भिंत पुढे कलते. पाणी पडतं त्या जागी दगडी सोलिंग किंवा काँक्रीटची लादी हवीच. जागा निवडताना अरुंद गळा, उंच काठ आणि सरळ तुकडा बघा. वळणावर बंधारा घालू नका. फळ्या बसवायचा बंधारा असेल तर फळ्या कोण काढणार, कधी घालणार, त्या कुठे ठेवणार हे आधी लिहून ठरवा. बंधारे धड आणि फळ्या गायब, हे चित्र फार गावांत आहे. फळ्या घालण्याची वेळ पाऊस ओसरताना, पण धार चालू असताना. दिवाळी झाल्यावर घातल्या तर अडवायला काही उरलेलं नसतं.

सगळ्यात स्वस्त आणि लगेच होणारं काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती पाऊण भरायची, पूर्ण भरलं की पोतं गोल होतं आणि एकमेकांवर बसत नाही. दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवायचं, गाठ मारलेलं तोंड मधे फट सोडतं. तळाचा पाला, सैल वाळू काढून घट्ट जागा लागेपर्यंत साफ करायची, हे टाळलं तर खालून झिरपणाऱ्या पाण्यामुळे सगळी मेहनत फुकट. विटांसारखा सांधामोड करत थर रचायचे. १० मीटर लांब, एक मीटर उंच, बुडाला दीड-पावणेदोन मीटर आणि माथ्याला ६० सेंटिमीटर रुंद अशा बंधाऱ्याला साधारण ४०० पोती लागतात. २५-३० माणसं लागली तर एका दिवसाचं काम. पाण्याच्या बाजूने चिकणमाती थापून पायाने तुडवायची, मधे एक-दोन पोती कमी ठेवून सांडवा करायचा. पोती भरायला वाळू ओढ्याच्या पात्रातून खरवडू नका, काठावरचा मुरूम किंवा वरच्या बंधाऱ्यातला गाळ वापरा. आणि मे महिन्यात ती पोती काढून घ्यायचीच, नाहीतर पहिल्या पुरात प्लॅस्टिकच्या चिंध्या खालच्या गावच्या करंजांना लटकतात.

वाळूबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण ओढा लवकर आटण्यामागचं ते मोठं कारण आहे आणि गावसभेत त्यावर कोणी बोलत नाही. एक किलोमीटर लांब, आठ मीटर रुंद, एक मीटर जाड वाळू म्हणजे आठ हजार घनमीटर. तिच्यात सुटून येण्यासारखं पाणी वीस टक्के धरलं तरी १,६०० घनमीटर. वर हिशेब केलेल्या सिमेंट बंधाऱ्यापेक्षा जास्त साठा, तोही झाकलेला, दोन फुटांखाली ऊन जवळजवळ पोचत नाही असा. पात्रात झिरा खणून घागर भरायच्या बायका त्याच साठ्यावर होत्या. ट्रॅक्टरने वाळू गेली की ओढा उघडा पडतो, पूर वेगाने निघून जातो, तळ खचतो आणि ओली रेघ हवेत लटकते. पोकलेनवाला गाळ काढतो म्हणत वाळू-गोटे भरून नेत असेल तर काम तिथेच थांबवा. मुठीत घेऊन दाबा: गाळ असेल तर गोळा होतो आणि हात चिकट होतो, वाळू बोटांतून सांडते.

गाळ काढायचाच असेल तर एप्रिल-मेमध्ये, फक्त बंधाऱ्यांच्या मागचा आणि डोहांतला. सलग चर मारू नका. ५० ते १०० मीटर काढला की १० मीटर तसाच सोडायचा, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने थांबतं. पात्रात आडवी आलेली कातळाची पायरी हा निसर्गाने दिलेला फुकटचा बंधारा आहे, तिला हात लावू नका. काठ उभे तासू नका, दीडास एक उतार द्या. उभा काठ पहिल्याच पावसात ढासळून काढलेला गाळ परत जागेवर आणतो. आणि दर दोनशे मीटरवर गुरांना, मेंढरांना पाण्यापर्यंत जाता येईल अशी निवांत उतरण ठेवा. धनगरांचे कळप याच ओढ्यांवर थांबत जातात. तीन मीटरच्या उभ्या चरात पडलेलं जनावर बाहेर काढता येत नाही, लहान पोरांची तर गोष्टच सोडा. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवायचा नाही. माळाच्या जमिनीवर पसरायचा, पण आधी मातीपरीक्षणात क्षार बघून घ्या. एका एकरावर तीन इंच थर द्यायला १०९ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) गाळ लागतो. हा आकडा शेतकऱ्याला आधी सांगा, म्हणजे कोणाला किती ट्रॉल्या याचं भांडण टळतं.

काठाबद्दल. बहुतेक ठिकाणी औत, आता रोटाव्हेटर, अगदी कडेपर्यंत जातो. लवण, म्हणजे पाणी उतरून येतं तो खोलगट भाग, नांगरून सपाट केलेली असते, ओढ्याला कोपरा मारून सरळ केलेलं असतं. गावनकाशावर ओढा किती रुंद दाखवलाय ते भूमी अभिलेखच्या मोजणीने काढा. नुसत्या तोंडी वादाने अतिक्रमण सुटत नाही. दोन्ही बाजूंना पाच मीटर पट्टा सोडता आला तर उत्तम, तीन मिळाला तरी घ्या. पाण्याच्या कडेला वाळा आणि लव्हाळा, त्याच्या वर निर्गुडी, आणि दरडीच्या माथ्यावर करंज, जांभूळ, उंबर. निर्गुडीच्या दोन फुटी काड्या जुलैमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर, दोन तृतीयांश जमिनीत, अर्ध्या मीटरवर लावल्या की काम होतं. शेळी तिला फारसं तोंड लावत नाही हा मोठा गुण. पात्रात मात्र झाड लावू नका, पूर त्याला वळसा घालून काठ कापतो. बेशरमची झुडपं काढताना तुकडे पात्रात पडू देऊ नका, प्रत्येक तुकडा रुजतो. उपटून वर मुरमावर वाळत टाकायची. ज्या काठावर जुना उंबर-जांभूळ उभा आहे तिथली दरड कशी टिकली आहे ते लोकांना दाखवा. मुळांच्या जाळीखालचा डोह उन्हाळ्यात सगळ्यात शेवटी आटतो, खेकडे आणि मासे तिथेच तग धरून राहतात, आणि पाऊस आला की तिथूनच पुन्हा ओढाभर पसरतात.

शेवटचं कारण गावाला सगळ्यात जड जातं, ते म्हणजे उपसा. धार मोजून दाखवली तरच ते पटतं. एक मीटर रुंद पत्र्याला वरच्या कडेत काटकोनी व्ही खाच पाडा, २५ सेंटिमीटर खोल. पत्रा ओढ्यात आडवा उभा करून बाजूंनी चिकणमातीने बंद करा, सगळी धार खाचेतूनच पडली पाहिजे आणि खालच्या बाजूला मोकळी पडली पाहिजे. पत्र्याच्या एक मीटर मागे खुंटी ठोका आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची तिथे मोजा. ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडं वर, १० असेल तर ४.४ लिटर, १५ ला १२ लिटर, २० ला २५ लिटर. १० सेंटिमीटरची धार म्हणजे दिवसाला ३८० घनमीटर. ५ एचपीची मोटर २० मीटर उचलीवर सेकंदाला आठ-नऊ लिटर ओढते. आठ तास वीज मिळाली की अडीचशे घनमीटर गेले. ओढ्यावर अशा दोन मोटरी बसल्या की धार संपली, मग खालच्या पाच विहिरींना काय मिळणार?

पिकांचाही हिशेब याच वहीत येऊ द्या. २ लाख घनमीटर मुरतंय असं वर धरलं. एक एकर ऊस वर्षाला आठ हजार घनमीटरच्या खाली भागत नाही, म्हणजे फक्त २५ एकर उसात पाणलोटाचं सगळं मुरलेलं पाणी संपलं. रब्बी ज्वारीला ओल धरून एक-दोन पाणी, एकरी दोनशे ते चारशे घनमीटर. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर आणि ऊस यांवर बंदी घालून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे पाऊस वाढलेला नव्हता. तुमच्या गावाला इतकं एकदम जमणार नाही. सुरुवात म्हणून ओढ्यातून थेट उचलणाऱ्या मोटरी दसऱ्यानंतर बंद, एवढा एक ठराव करा. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर नको, याला कायद्याचाच आधार आहे.

या वर्षी पोकलेन न लावता एवढं करा: ऑक्टोबरात दोन-तीन वनराई बंधारे, नोव्हेंबरपासून दर आठ दिवसांनी व्ही खाचेवर धारेची नोंद, दर महिन्याच्या एक तारखेला त्याच विहिरींची पाणीपातळी, आणि डिसेंबरात लेव्हल नळीने तळाची तुलना. मार्चमध्ये ओढ्याचा लांब आडवा नकाशा कागदावर काढून तुकड्या-तुकड्यावर खूण करा: इथे शिवार ओढ्याला देतंय, इथे ओढा शिवाराला देऊ शकतो. एप्रिलमध्ये मशीन आलंच तर ते दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यांतच उतरेल, आणि ते दोन किलोमीटरऐवजी बहुधा तीन-चारशे मीटरच भरतील. उरलेल्या वर्गणीत माथ्यावरचे चर होतात.